निम्मी परतभेट

१८ नोव्हेंबर

तेइजी,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याची चौकशी करावी असं आईने आपल्याला शिकवलं. मी करणार नाही. धाकटा भाऊ जिवंत असल्याचं जिला वॉर्ड ऑफिसच्या फॉर्मवरून कळतं, त्या बाईने इथे बर्फ किती पडलं ते कशाला लिहीत बसायचं?

फॉर्म शनिवारी आला. वर तुझं नाव, वय त्रेसष्ट. या गृहस्थांनी सरकारी आधारासाठी अर्ज केला आहे, आपण त्यांची थोरली बहीण, तर आपण त्यांना काय देऊ शकाल? खाली तीन चौकोन. पैसे. घरात जागा. तिसरा चौकोन मी चष्मा पुसून दोनदा वाचला: मानसिक आधार, म्हणजे पत्र, फोन, भेट. प्रत्येकापुढे होय किंवा नाही आणि शेवटी आपल्या नावाच्या शिक्क्याची जागा. आपलं जुनं कपाट कोणी नेतंय का, अशी चौकशी करावी तसा तो कागद.

आज नऊच्या ठोक्याला मी ओसाकाला फोन लावला. निशिवाकी नावाच्या बाई आहेत. आवाजावरून चाळिशीच्या असाव्यात.

“पत्ता देता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही पत्र इथे पाठवलंत तर मी स्वतः त्यांच्या हातात देईन.”

“बरा आहे का, एवढं तरी सांगा.”

“त्यालाही त्यांची परवानगी लागते.”

“अहो, त्याचं नाक मी पुसलंय! माझ्या पाठीवर वाढलाय तो. मला परवानगी सांगता?”

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “इमारतीच्या कामावर पडले. दोन महिने हॉस्पिटलात होते, कंबर. आता एका लॉजिंगमध्ये आहेत, जेमतेम तीन चटया मावतील एवढी खोली. हे मी बोलले नाही असं समजा.” पुढे त्या जे बोलल्या त्यावरून माझं डोकं तापलंय. तू त्यांना सांगितलंस म्हणे, ‘बहिणीला कागद गेला असेल तर माझा अर्ज मला परत द्या.’ त्यांनी दिला नाही. टेबलाच्या खणात ठेवलाय. वर्ष संपेपर्यंत थांबते म्हणाल्या, लॉजिंगचं भाडंही तोवरच भरलेलं आहे. तोवर तुझी सही शिक्का झाला तर ठीक.

“आणि नाही झाला तर?” मी विचारलं.

“तर जानेवारी,” त्या म्हणाल्या.

ओसाकाचा जानेवारी उघड्यावर काढायचा विचार आहे का तुझा? त्या मोडक्या कंबरेनिशी? कशासाठी, तर ताईला त्रास नको म्हणून! एकोणीस वर्षं तू कुठे आहेस हे मला ठाऊक नव्हतं, नववर्षाचं एक कार्ड नाही, हा त्रास नव्हता वाटतं?

अर्ज मागे घेतलास तर याद राख.

किनुए


२८ नोव्हेंबर

तेइजी,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी आणि त्यात तीनदा क्षमा. ‘ताईला पुन्हा त्रास दिला. सहा वर्षांपूर्वीही दिला होता. विसरून जावं.’ पत्ता मात्र लिहिलास, तेवढी अक्कल शाबूत आहे.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या फॉर्मचं म्हणशील तर तो तुझ्या मेहुण्यांनी भरला. ह्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. मला फार नंतर कळलं. त्या विषयावर आता बोलायला नको.

बोलायचं आहे ते वेगळंच. काल भाजीच्या दुकानात ओगुरोबाई भेटल्या, आपल्या शाळेजवळच्या. टीव्हीवर हल्ली रोज त्याच गप्पा चालतात ना, कोण फुकट खातंय, कोणाची आई सरकारच्या जिवावर जगतेय. ओगुरोबाई मुळा निवडता निवडता म्हणाल्या, “असली माणसं दारूत घालवतात हो सगळं. घरच्यांनी तरी कुठवर बघायचं?” एरवी मी मान डोलावली असती. काल म्हटलं, “माझा भाऊ अर्ज करतोय.” त्यांच्या हातातला मुळा खाली पडला. “अगं बाई, मला काय माहीत! तुझ्या भावाचं वेगळं गं, तो कष्टाळू होता!” वेगळं म्हणे! ज्याचं नाव माहीत असतं तो कष्टाळू, ज्याचं माहीत नसतं तो दारुडा. मी मुळा न घेताच घरी आले. नंतर पश्चात्ताप झाला, मुळा चांगला होता.

चाळीस वर्षं परक्यांच्या इमारती बांधल्यास. त्यातल्या एकीतसुद्धा तुला पाठ टेकायला जागा नाही. आणि क्षमा कोण मागतंय? तू!

सोबत खोका पाठवते आहे. आपल्या मळ्याकडचा नवा तांदूळ पाच किलो, मी खारवलेली उमेची फळं, ह्यांचे दोन लोकरी बनियन. बनियन ढगळ होतील, आत जाड शर्ट घाल. पोटभर जेव आणि सही कर. फॉर्म माझ्याकडेच आहे, अजून भरलेला नाही.

ताई


९ डिसेंबर

तेइजी,

हे काय पाठवलंस?

दुपारी कुरिअरवाला आला. डिपार्टमेंट स्टोअरचा खोका, वर लाल-पांढऱ्या दोरीची गाठ छापलेला कागद, त्यावर तुझ्या अक्षरात ‘कृतज्ञतापूर्वक’. आत चेस्टनटची मिठाई, बारा नग, एकेक वेगळ्या कागदात. मी हिशेबाची बाई नाही, पण बघताच कळलं. तांदूळ, उमे, बनियन, सगळ्याची मिळून जी किंमत होईल तिच्या बरोबर निम्मी. ना कमी, ना जास्त. आईने शिकवलं तसं. भेट आली की निम्म्या किमतीची परतभेट, महिन्याच्या आत, चांगल्या दुकानातून.

अरे, ही रीत लग्नकार्यासाठी, बाळंतविड्यासाठी असते! सख्ख्या बहिणीने पाठवलेल्या तांदळाची परतभेट करतोस? मी काय शेजारीण आहे? तुझ्या कामावरची साहेबीण आहे? आणि घेतलीस कशातून?

हे म्हणाले, “खाऊन टाक, आलीये तर.” मी म्हटलं, “तुम्ही हात तर लावून बघा.” खोका देवघरात आईबाबांच्या फोटोपुढे ठेवला आहे. त्यांनीच बघावं त्यांच्या लेकाने काय केलं ते.

उत्तर पाठव. यावेळी क्षमा नको, उत्तर.

ताई


१२ डिसेंबर

तेइजी,

उत्तर तू दिलं नाहीस, म्हणून मी निशिवाकीबाईंना बोलायला भाग पाडलं. आज सकाळी सगळं ऐकलं. तेव्हापासून तीन वेळा हे पत्र लिहायला बसले आणि तीन वेळा उठले.

तुझ्या खोलीत शेगडी नाही. भांडं नाही. नळ सुद्धा खाली अंगणात, सगळ्यांचा मिळून एक. मी तुला पाच किलो कच्चा तांदूळ पाठवला. तुला शिजवता येईल का, हे माझ्या मनातच आलं नाही. पोटभर जेव म्हणून वर उपदेश केला. तो तांदूळ तू तसाच उचलून बागेतल्या पेजेच्या रांगेवर नेऊन दिलास, जिथे धर्मादाय मंडळी मोठ्या पातेल्यात शिजवून वाटतात. आणि त्याच रांगेत नऊ दिवस तू स्वतः वाडगा घेऊन उभा राहिलास, जेवणाचे पैसे वाचवून मला मिठाई पाठवायला.

म्हणजे माझाच तांदूळ तू रांगेत उभा राहून वाडग्यातून खाल्लास, आणि माझ्या देवघरात बारा मिठाया.

“त्यांना सांगायला हवं होतं हो तुम्ही, परतभेट नको म्हणून,” असं मी निशिवाकीबाईंवर ओरडले.

“सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “ते म्हणाले, परतभेट केली नाही तर मी भिकारी झालो.”

मग मी त्यांना जे विचारायचं टाळत होते ते विचारलं. मी फॉर्मवर काही देऊ शकत नाही असं लिहिलं तर याचा आधार अडतो का? आम्ही दोघं पेन्शनवर आहोत, जागा दोन खोल्यांची, म्हणून विचारलं, असंही म्हटलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “नातेवाईकांनी नाही म्हटलं तरी आधार मिळतो. कायदाच तसा आहे. सहा वर्षांपूर्वीही मिळाला असता. जुन्या फाइलमध्ये आहे. तुमच्याकडून आलेलं उत्तर त्यांना सांगितलं, ते ‘बरं’ म्हणाले आणि उठून गेले. सही केलीच नाही. पैसे मिळणार नाहीत म्हणून ते गेले नाहीत, बाई. उत्तर ऐकून गेले.”

त्यानंतर तू कुठे राहिलास ते तुझ्या नव्या अर्जात आहे. पुलाखाली दोन हिवाळे. नंतर कामाच्या ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोल्या.

आता लिहिते. तो फॉर्म ह्यांनी भरला नव्हता. मी भरला.

सप्टेंबर होता. आमच्या मुलीचं, चिनात्सूचं लग्न ठरत होतं, मुलाचे वडील डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. अशी घराणी मुलीकडची चौकशी करतात हे आपल्या गावात कोणाला सांगायला नको. ओसाकात मामा सरकारी मदतीवर, हे त्यांच्या कानावर गेलं असतं तर, एवढंच माझ्या डोक्यात. हे म्हणाले होते, “किनुए, निदान फोन तरी करून बघ त्याला.” हे तुला कळायला हवं, कारण नोव्हेंबरच्या पत्रात मी सगळं ह्यांच्यावर ढकललं. हे अंघोळीला गेले तेव्हा मी फॉर्म काढला. पैसे: नाही. जागा: नाही. पत्र, फोन, भेट: नाही. त्या तिसऱ्या चौकोनाला एक पैही लागत नव्हती रे. तिथेही नाही लिहिलं. कारण एक पत्र आलं की पोस्टमनला कळतं, पोस्टमनला कळलं की गावाला. शिक्का मारला, अंगठ्याला लाल शाई लागली ती साबणाने घासून काढली, आणि तीन वाजता त्याच हाताने मुलाच्या आईला नासपती कापून दिली.

लग्न झालं. चिनात्सूला दोन मुलं आहेत. डॉक्टरांनी चौकशी केली होती की नाही, ते मला आजतागायत माहीत नाही.

ओगुरोबाईंवर मी भाजीच्या दुकानात तोंड टाकलं. त्यांनी तर फक्त मुळा निवडला होता.

तू माझ्यावर चिडत का नाहीस? लिही की, ताई तू नालायक आहेस. एकदा तरी लिही. तुझ्या त्या क्षमा मला सोसवत नाहीत.

किनुए


१६ डिसेंबर

तेइजी,

सोबतचा खोका ही भेट नाही. नीट वाच. भेट नाही.

आत चार सुऱ्या आहेत. दोन भाजीच्या, एक माझी लहान, आणि वर कापडात गुंडाळलेली जाड पात्याची मासे कापायची, ती ह्यांची. बाबा गेले, त्यांचं धार लावायचं दुकान बंद झालं, त्यानंतर या सुऱ्यांना कोणी नीट हात लावलेला नाही. सुपरमार्केटातला एक माणूस चाकावर घासून देतो, बाबा ते बघून जेवले नसते. नववर्षाचा स्वयंपाक तोंडावर आलाय, साल्मन कापायचा आहे, मुळ्या-गाजराचे केसासारखे बारीक काप करायचे आहेत, आणि या सुऱ्यांनी मला टोफूसुद्धा धड कापता येत नाही. तू सात वर्षांचा असल्यापासून बाबांनी तुला दगडापुढे बसवलं. मला नाही बसवलं, मुलगी म्हणून. तेव्हा मला काम येत नाही आणि तुला येतं. म्हणून काम पाठवते आहे.

बाबांचे धारेचे तीन दगड तळाशी आहेत. ते माझ्याकडे उगाच पडले होते, ते तुझेच आहेत. परत पाठवायचे नाहीत.

पाणी खालच्या नळाचं घे, ओणवा बसू नकोस, कंबर आहे. लॉजिंगच्या मालकाला मी फोन केला. तो आधी भडकला. “बाई, माझ्या लॉजिंगमध्ये चार-चार सुऱ्या? इथे माणसं चमच्यावरून मारामारी करतात!” मी म्हटलं, “तुमच्या स्वयंपाकघरातली सुरी कशी आहे?” तो म्हणाला, “भोपळा कापायला हातोडी लागते.” मी म्हटलं, “मग तीही त्याच्याकडे द्या.” तो अंगणात तुझ्यासाठी उंच बाकडं टाकणार आहे.

ह्यांची सुरी खोक्यात कशी आली ते सांगते. मी तुला काय लिहिलं ते काल ह्यांना सांगून टाकलं, आधी त्यांच्यावर ढकललं होतं तेही. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “मला वाटलंच होतं. गेल्या पंधरवड्यात तू माझ्या आवडीचं कालवण तीनदा केलंस.” थोड्या वेळाने उठले, स्वयंपाकघरात गेले आणि ती सुरी आणून खोक्यात ठेवली. ती ते मलासुद्धा वापरू देत नाहीत.

फॉर्म आज भरला. पैसे: नाही. आमच्याकडे नाहीत, खोटं कशाला लिहू. जागा: नाही. पत्र, फोन, भेट: होय. तो ‘होय’ इतका दाबून लिहिला की पलीकडच्या बाजूला उमटलाय. शिक्का मारला. अंगठ्याची शाई धुतली नाही.

आता तुझ्या सहीचं तू बघ.

ताई


२६ डिसेंबर

तेइजी,

दहा दिवस झाले. काही नाही. ऑफिस उद्यापासून नववर्षासाठी बंद होईल. निशिवाकीबाई सकाळपासून फोन उचलत नाहीत, बहुतेक त्यांच्याकडेही तुझ्यासारखे शंभर जण रांगेत असतील आणि प्रत्येकाच्या मागे माझ्यासारखी एक ओरडणारी.

खरं सांगते, मी घाबरले आहे. तिसरा चौकोन भरायला मी सहा वर्षं उशीर केला. तू पुन्हा ‘बरं’ म्हणून उठून गेलास तर माझ्याकडे तुला ओरडायलाही पत्ता उरणार नाही.

पत्र पोहोचलं तर निदान कोरं कार्ड टाक.

ताई


३० डिसेंबर

तेइजी,

अक्षर वाकडं आलंय, ते का ते शेवटी सांगते.

परवा संध्याकाळी निशिवाकीबाईंचा फोन आला, घरून. तू शेवटच्या दिवशी, ऑफिसचं शटर अर्धं खाली आलेलं असताना गेलास म्हणे. शर्टवर ओले डाग, हाताला दगडाचा राखाडी चिखल. सही केलीस, आणि शिक्का नव्हता म्हणून अंगठा उमटवलास. कागदावर तो करडा ठसा पडलाय, तो बदलायची गरज नाही असं साहेबांनी सांगितलं. उशीर का झाला विचारलं तर म्हणालास, “सुऱ्या सुकायच्या होत्या.” बाई हे सांगताना हसत होत्या. मी हसले नाही. मी फोन ठेवला आणि मग जे केलं ते तुला सांगण्याचं कारण नाही.

खोका काल आला. पाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाबा गुंडाळायचे तशी, टोकं दुमडून. कुठे लाल-पांढरी दोरी नाही. मिठाई नाही. आणि तुझी चिठ्ठी, जुन्या कॅलेंडरच्या कागदावर पेन्सिलने. मी ती आता पाठ म्हणू शकते:

‘ताई, ही लहान सुरी काय दगडावर आपटली होतीस? तिच्या टोकाचे दोन कण गेलेत. भाजीच्या सुरीने गोठलेला मासा कापलायस, खोटं बोलू नकोस, पात्यावर दिसतं. मेहुण्यांची सुरी तेवढी माणसात आहे. तुझ्या हातात सुरी द्यायला बाबांनी उगाच नाही म्हटलं नव्हतं. धुतल्यावर पुसायची असते, एवढंही तुला सत्तरीत सांगायचं? दर चार महिन्यांनी पाठव. दहा वर्षांनी पाठवायच्या असतील तर पाठवूच नकोस. लॉजिंगच्या मालकाने शेजारच्या दोन खाणावळींच्या सुऱ्या आणून दिल्यात, त्या तुझ्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहेत.’

मी ती तीनदा वाचली. वर, खाली, मागच्या बाजूला. एकदाही क्षमा नाही.

आज सकाळी मुळा घेतला, ओगुरोबाईंच्या समोरूनच, दोन घेतले. काप करायला बसले. इतकी वर्षं मी बोथट सुरी जोर लावून दाबायची, हाताला तीच सवय. तुझी धार मुळ्यातून गेली आणि थेट माझ्या बोटात. रक्त पाटावर. हे धावत आले, बोटाला पट्टी बांधली, नंतर सुरी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. म्हणाले, “सासऱ्यांची धार आहे ही.” तेव्हा तुझ्या त्या बारा मिठायांपैकी एक त्यांना दिली. एक मी खाल्ली. वाईट नव्हती.

चार महिने म्हणजे एप्रिल. सुऱ्या मी पोस्टाने पाठवणार नाही, स्वतः घेऊन येईन, फॉर्मवर ‘भेट’ला मी शिक्का मारलाय. त्या बाकड्यावर माझ्यासाठी अर्धी जागा ठेव. आणि मी येताना तुझ्या खोलीत परतभेटीचा एक खोका जरी दिसला, तर तो तिथल्या तिथे तुझ्या डोक्यात घालीन.

बोट ठणकतंय. तुझ्यामुळे.

ताई